ताशा न सोडता कान कसे जपावेत

मी लातूरच्या एका पथकात चौदा वर्षे ताशा वाजवतो आहे. त्यांपैकी गेली सहा वर्षे माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत असते, गर्दीत बोललेले शब्द निसटतात, आणि तरीही स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटावर वाटी पडली तर तो आवाज कानात टाचणीसारखा टोचतो. कमी ऐकू येणे आणि आवाज सहन न होणे ही दोन्ही दुखणी एकाच माणसाला असू शकतात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे पहिल्या वर्षी मी दोन चुका केल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या. सरावाला आणि मिरवणुकीत कान उघडे ठेवले, कारण कानात काही घातले की ठेका निसटेल अशी भीती होती. घरी मात्र दिवसदिवस कानात बोळे घालून बसलो, कारण भांड्यांचा आवाजही नकोसा झाला होता. व्हायला हवे होते नेमके याच्या उलट. जो आवाज कानाला इजा करतो त्यापासून कान झाकायचे आणि जो इजा करत नाही, नुसता नकोसा वाटतो, त्याला कान उघडे ठेवायचे, या एका भेदावर पुढचा सगळा लेख उभा आहे. ढोल, हलगी, संबळ, बँजो किंवा सप्ताहातले टाळ, यांपैकी जे तुमचे असेल त्याला हेच लागू पडते.

दुखणे कोणते ते आधी ओळखा

कानाच्या पडद्यामागची तीन बारीक हाडे आवाजाची थरथर आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीपर्यंत पोचवतात. या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि त्या थरथरीचे रूपांतर मेंदूला समजणाऱ्या संकेतांत करतात. मोठ्या आवाजाने या पेशी दमतात, आणि तसे वारंवार किंवा फार जोराने झाले की मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, पट्ट्यात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्यातल्या स्वरांचा भर याच्या खाली असतो आणि स, श, च, ट यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या बाजूला असते, म्हणून अशा माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते, तर ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ अशी असते.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक घरात एक आजी अशी असते की जी आधी ‘जरा जोरात बोल की रे’ म्हणते आणि आपण आवाज चढवला की लगेच ‘ओरडतोस कशाला, बहिरी आहे का मी’ असे म्हणते. आजी हट्टी नसते, तिचे दोन्ही वेळचे म्हणणे खरे असते. ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकलेली असते, पण सहन होण्याची वरची मर्यादा तिथेच असते, त्यामुळे मधला सुखाचा पट्टा अरुंद होतो आणि आवाज थोडा वाढवला तरी तो एकदम अंगावर येतो. याहून वेगळी अशी जी अतिसंवेदनशीलता असते तिच्यात श्रवणचाचणी पूर्ण चांगली येऊनही रोजचे साधे आवाज टोचतात किंवा दुखतात. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवून घेतो, असे यामागचे कारण आज मानले जाते, आणि कर्णनादाचे, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात वाजणाऱ्या शिट्टीचे किंवा गुणगुणीचे, मूळही बऱ्याच अंशी त्यातच शोधले जाते. एखाद्याच्या मचमच खाण्याच्या आवाजाने संताप होणे हा मात्र तिसराच प्रकार आहे. तिथे आवाजाचा मोठेपणा नव्हे, तर तो ठरावीक आवाजच खुपतो.

यांतले आपले कोणते, हे एका बैठकीत ठरत नाही. आठ दिवस एक वही ठेवा आणि रोज रात्री चार ओळी लिहा: आज कुठले आवाज टोचले, कुठले शब्द निसटले, कानाला दडे बसल्यासारखे वाटले का आणि ते किती वेळाने सुटले, शिट्टी एका कानात वाजते की दोन्ही. आदल्या रात्रीची झोप कशी झाली तेही लिहा, कारण जागरणानंतर आवाज अधिक बोचतात आणि तो फरक नोंदीशिवाय लक्षात येत नाही. अर्धशिशी असणाऱ्यांनी दुखण्याचे दिवसही नोंदवावेत, कारण तिच्यातही आवाज सहन होत नाहीत आणि उपचार तिचा करावा लागतो.

तपासणीला जाताना

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी कान आतून पाहतात, आणि हा टप्पा कधीही गाळू नये. मळ कडक होऊन बसला असला तरी ऐकू कमी येते आणि शिट्टी वाजते, आणि तो काढला की निम्मी काळजी तिथेच मिटते. मळ स्वतः काडी, पिन किंवा गाडीच्या किल्लीने काढू नये, आणि आपल्याकडे सर्रास घालतात ते लसूण तळलेले कोमट तेलही कानात घालू नये. पडद्याला भोक असले तर ते तेल मधल्या कानात उतरते, आणि भोक आहे की नाही हे आपल्याला घरी कळत नाही.

त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी होते. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. चाचणीच्या आदल्या दिवशी पथक, मळणीयंत्रावरचे काम आणि हेडफोन हे तिन्ही बंद ठेवा, कारण आवाजाने दमलेला कान खरा आकडा देत नाही. श्रवणतज्ज्ञांना दोन विनंत्या करा. पहिली अशी की नेहमीच्या पट्ट्यांबरोबर ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासावेत, कारण वादकाच्या कानाचे नुकसान तिथेच आधी दिसते. दुसरी अशी की आवाज टोचत असतील तर सहन होण्याची मर्यादाही हळूहळू आवाज वाढवत मोजावी, आणि अस्वस्थ वाटताच मी हात वर करीन असे सुरुवातीलाच सांगावे. श्रवणालेखाची, म्हणजे चाचणीच्या आलेखाची, प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक वर्षाची तुलना तिच्याशीच करायची आहे.

घेत असलेल्या औषधांची यादीही सोबत न्या. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने, मोठ्या मात्रेतले ॲस्पिरिन, क्विनाइन आणि काही लघवी वाढवणारी औषधे कानावर परिणाम करू शकतात. ती मनाने बंद करायची नाहीत, पण ती चालू असताना ताशासमोर उभे राहावे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. वादनानंतर मनगट दुखते म्हणून वेदनाशामक गोळी सवयीने घेण्याची पथकांतली पद्धतही मला बरी वाटत नाही.

आवाजाचा हिशेब

कानाला आवाजाचा मोठेपणा आणि वेळ या दोन्हींचा गुणाकार भोवतो. व्यावसायिक सुरक्षेच्या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे, १०३ ला साडेसात आणि १०६ ला चार मिनिटांहूनही कमी. हा हिशेब धडधाकट कानांसाठी केलेला आहे. ज्याचे कान आधीच दुखावले आहेत त्याने ८० पासूनच मोजायला सुरुवात करावी, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनाही करमणुकीच्या आवाजासाठी आठवड्याला ८० डेसिबलचे चाळीस तास हीच मर्यादा धरते.

दोन सारख्या ताशांचा आवाज एका ताशाच्या आवाजापेक्षा ३ डेसिबलनेच जास्त भरतो, आणि कानाला तो दुप्पट वाटतही नाही. पण वरचा हिशेब पाहा: ३ डेसिबल वाढले म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा झाला. रांगेत ताशे दुप्पट केले की प्रत्येक वादकाच्या कानाची शिदोरी निम्मी होते, आणि हे ऐकून कळत नाही, हिशेब मांडूनच कळते.

मोजण्यासाठी फोनवरचे आवाज मोजणारे ॲप चालेल, मात्र त्याच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. फोन खिशात न ठेवता, तुम्ही जिथे उभे राहता तिथे कानाच्या उंचीवर कोणाला तरी धरायला सांगा. फोनचा माइक फार मोठ्या आवाजात अपुरा पडतो, म्हणून १०० च्या आसपास आकडा दिसला तर खरा आवाज त्याहून जास्त असू शकतो असे धरा. फोन नसेल तर हाताची कसोटी पुरते: हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जाण्यासाठी आवाज चढवावा लागत असेल तर तुम्ही ८५ च्या पुढे आहात; त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागत असेल तर बरेच पुढे.

आमच्या सरावाचेच उदाहरण घेऊ. सराव दोन तासांचा, पण त्यात हातात काठ्या चालू असतात तो वेळ ऐंशी मिनिटे. माझ्या जागी आवाज १०० डेसिबल धरला तर परवानगी पंधरा मिनिटांची, म्हणजे मी रोज पाचपटींहून अधिक खर्च करत होतो. कानात नीट बसलेले प्लग घातले आणि १५ डेसिबल कमी झाले, तर कानापर्यंत ८५ पोचतात, परवानगी आठ तासांची होते आणि ऐंशी मिनिटांत तिचा सहावा हिस्साच खर्च होतो. मिरवणुकीचे गणित मात्र इतके सोपे सुटत नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेकडे येणाऱ्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना दुकानांच्या भिंती, समोर दुसरे पथक, मागे जनरेटर, आणि आवाज १०६. प्लग घालूनही ९१ उरतात आणि त्याला दोनच तास मिळतात. मिरवणूक पाच तास चालली तर प्लग असूनही आपण अडीचपट खर्च करतो. म्हणून प्लग पुरेसे नाहीत, वाजवण्याच्या पाळ्याही लावाव्या लागतात. त्याविषयी पुढे लिहितो.

पथकातल्या निम्म्या मुलांना एक गोष्ट माहीत नसते. गणपती ते दसरा हाच काळ सोयाबीनच्या काढणीचा आणि मळणीचा असतो. दिवसभर मळणीयंत्राजवळ पोती भरून, केबिन नसलेला ट्रॅक्टर चालवून मुलगा संध्याकाळी सरावाला येतो तेव्हा त्याच्या कानाची दिवसाची शिदोरी आधीच संपलेली असते. कान मळणीचा आवाज आणि ताशाचा आवाज वेगळा मोजत नाही. अशा मुलाने प्लग आधी मळणीला घालावेत आणि त्या दिवशी पथकात ताशाऐवजी ध्वज घ्यावा.

प्लग निवडणे आणि नीट घालणे

कापसाचा बोळा आणि कानावरून घट्ट बांधलेला फेटा, या दोन्हींचा इथे जवळजवळ उपयोग होत नाही. खरे पर्याय तीन आहेत. फोमचे प्लग काही रुपयांत मिळतात आणि सर्वांत जास्त आवाज अडवतात, पण उंच स्वर जास्त आणि खर्ज कमी अडवत असल्याने ताशा दबका आणि ढोल घुमल्यासारखा ऐकू येतो. वादकांसाठीचे फिल्टरचे प्लग महाग असतात, पण सगळे स्वर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे ठेक्याची धार टिकते. तिसरा पर्याय कान पूर्ण झाकणाऱ्या इयरमफचा. मळणीला आणि लहान मुलांना तो उत्तम, मिरवणुकीत घामामुळे टिकत नाही. प्लगवर इयरमफ चढवले तरी दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, साधारण पाचेक डेसिबलचीच भर पडते.

प्लग किती डेसिबल अडवतो याचा पाकिटावर लिहिलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. फोमच्या बाबतीत त्याच्या निम्माच धरून हिशेब करा, आणि तोही प्लग नीट बसला असेल तरच. नीट बसवणे शिकायला मला एक आठवडा लागला. स्वच्छ, कोरड्या बोटांत प्लग हळूहळू वळून उदबत्तीसारखा बारीक करायचा, त्यावर घडी पडू द्यायची नाही. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची वाकडी वाट सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने तसाच धरून ठेवायचा, कारण फोम फुगताना बाहेर येऊ पाहतो. आरशात पाहिले की समोरून प्लगचा दांडा बाहेर आलेला दिसता कामा नये. कसोटीसाठी पंखा किंवा मोटार चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवून काढा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग बसलेला नाही. काढताना झटका न देता, किंचित फिरवत सावकाश काढावा, नाहीतर पडद्यावर ताण येतो.

प्लग घालून वाजवताना पहिले पंधरा दिवस एक फसवणूक होते: आपला ताशा आपल्याला कमी ऐकू येतो म्हणून हात नकळत जोरात पडतो, मनगट भरून येते आणि शेजाऱ्याच्या कानावर उलट जास्त आवाज जातो. याला उपाय असा की आधी घरी, ताशावर जाड कापड टाकून, प्लग घालून रोज दहा मिनिटे वाजवावे. कानाऐवजी हाताला ठेका कळू लागतो. घामाने प्लग निसटतात, म्हणून मध्यंतरात बाजूला जाऊन पुन्हा बसवावेत. फिल्टरचे प्लग कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. फोमचे मळले, कडक झाले की टाकून द्यावेत. पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते, आणि ओला, मळका प्लग तिला निमंत्रणच देतो. कान वाहत असेल तर प्लग घालू नयेत, त्या काळात इयरमफ वापरावे किंवा वादन थांबवावे.

जागा आणि पाळ्या

आम्ही अनेक वर्षे पत्र्याच्या शेडखाली सराव करत होतो. पत्रा आवाज शोषत नाही, परत फेकतो. शेडमधून शेजारच्या उघड्या मैदानात आल्यावर माझ्या फोनवरचा आकडा त्याच जागी, त्याच वादकांत चार-पाच डेसिबलने उतरला, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. उघड्यावर एकट्या वाद्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, म्हणून ताशांच्या दोन रांगांमध्ये दोन पावलांऐवजी चार पावले ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नवा ठेका बसवताना सगळ्यांनी पूर्ण जोराने वाजवण्याची गरज नसते. आधी तोंडी बोल, मग मांडीवर थाप, मग कापड टाकलेल्या ताशावर, आणि शेवटची वीस मिनिटे पूर्ण वादन, अशी रचना केली तर सराव उलट लवकर बसतो. मिरवणुकीत आम्ही ताशांचे दोन गट केले आहेत. एक वाजवतो तेव्हा दुसरा पन्नास-साठ पावले पुढे जाऊन चालतो. जनरेटरच्या आडोशाला घेतलेली विश्रांती विश्रांती नसते. ज्याला कमी ऐकू येते त्याने पथकप्रमुखाचा हात थेट दिसेल अशी जागा मागून घ्यावी, म्हणजे ठेका बदलण्याची खूण कानाऐवजी डोळ्यांना मिळते. एका कानाने ऐकू येत नसेल तर चांगला कान रांगेच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा. ‘एक कान गेलाच आहे’ म्हणून दुसऱ्याला मोकळे सोडणारे मी पाहिले आहेत. उरलेला कान तर जास्तच जपायला हवा.

टाळकऱ्यांनाही हेच सांगणे आहे. मंदिरात, लाउडस्पीकरखाली, गोल धरून तासन्‌तास वाजणारे टाळ कानापासून हातभरावर असतात आणि त्यांचा स्वर उंच असतो. टाळ तोंडासमोर न धरता छातीखाली धरावेत, फिल्टरचे प्लग घालावेत, आणि सप्ताहाच्या सातही दिवसांच्या पाळ्या आधीच वाटून घ्याव्यात. फटाक्यांबाबत मात्र हिशेबाला जागा नाही. मोठ्या आवाजात कानातला एक बारीक स्नायू आकसून थोडे संरक्षण देतो, पण तो आकसेपर्यंत स्फोट होऊन गेलेला असतो. फटाक्यांच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४ मीटर अंतरावर मोजतात. वात पेटवणारा हातभरावर असतो. ज्याच्या कानाला आधीच त्रास आहे त्याने वात पेटवू नये.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी

श्रवणयंत्र बोलणे ऐकवण्यासाठी जुळवलेले असते. वाद्यांच्या आवाजात ते गोंधळते, कधी आवाज फाटतो, कधी सूर थरथरतो. भजन किंवा गायन ऐकायला जात असाल तर श्रवणतज्ज्ञांकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्या आणि यंत्राने जास्तीत जास्त किती आवाज द्यावा याची मर्यादा तुमच्या सहनशक्तीनुसार उतरवून घ्या. पथकात किंवा डीजेसमोर यंत्र काढून, कोरड्या डबीत ठेवून, कानात प्लग घालावेत. बंद केलेले यंत्र कानात तसेच ठेवणे म्हणजे संरक्षण नव्हे. कानाची वाट पूर्ण बंद न करणारे, मोकळ्या घुमटाचे (ओपन डोम) यंत्र तर आवाज जवळजवळ अडवतच नाही. खिशात यंत्र ठेवून वाजवले तर घामाने ते बिघडते, म्हणून डबी घरच्या माणसाकडे द्यावी. पुष्कळ ऐकू येत नसले तरी ढोलाची थाप छातीला आणि पायांना कळते, आणि तेवढ्यावर ठेका धरणारे वादक असतात.

घरी कान उघडे

आता दुसरी बाजू, जी मला सर्वांत उशिरा समजली. अतिसंवेदनशील कानाला सतत शांततेत ठेवले की मेंदू आतला आवाज आणखी वाढवतो, आणि काल जे सहन होत होते ते आज होत नाही. म्हणून घरात, दुकानात, एस.टी.च्या प्रवासात बोलण्याएवढ्या किंवा थोड्या वरच्या आवाजात प्लग घालू नयेत.

सवय पायरीपायरीने लावावी. टोचणाऱ्या आवाजांची यादी सौम्य ते तीव्र अशी करा. माझी अशी होती: बादलीत पडणारे पाणी, ताटवाट्या, मिक्सर, कुकरची शिट्टी, बसस्थानक. सर्वांत सौम्य आवाज रोज पाच-दहा मिनिटे ऐकायचा आणि तो सवयीचा झाला की पुढचा घ्यायचा. यात मला सर्वाधिक उपयोग झाला तो भांडी स्वतः घासण्याचा. दुसऱ्याने आपटलेले ताट टोचते, पण आपल्याच हाताने ठेवलेल्या ताटाचा आवाज कधी येणार हे आपल्याला माहीत असते, म्हणून तो कमी बोचतो. तीन आठवड्यांनी दुसऱ्याने ठेवलेले ताटही चालू लागले. त्रास वाढून झोप उडत असेल तर थांबून एक पायरी मागे यावे. प्रत्यक्ष कानात दुखत असेल, किंवा भीतीमुळे घराबाहेर पडणेच बंद झाले असेल, तर श्रवणतज्ज्ञांकडून मंद, सलग आवाजाची उपचारपद्धती आणि जोडीला मानसिक समुपदेशन घ्यावे. अशा त्रासात समुपदेशनाचा खरोखर उपयोग होतो.

कर्णनाद रात्री वाढल्यासारखा वाटतो, कारण बाकी सगळे शांत असते. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची घरघर चालू असते, तेव्हा माझी शिट्टी जाणवतही नसे. थंडीत कूलर बंद असला की मात्र ती रात्री झोपू देत नसे. हा अनुभव लक्षात ठेवून हिवाळ्यात मी पंखा भिंतीकडे तोंड करून लावतो किंवा फोनवर पावसाचा आवाज हलका ठेवतो. तो आवाज शिट्टी पूर्ण बुडवेल इतका मोठा नसावा. दोन्ही शेजारी शेजारी ऐकू यावेत, म्हणजे मेंदूला शिट्टीची सवय होते.

घरच्यांना आणि पथकाला काय सांगावे, याचाही विचार आधी करावा. ‘मला आवाज सहन होत नाही’ एवढे म्हटले की लोक विचारतात, मग ताशा कसा वाजवतोस. मी आता असे सांगतो: माझ्याशी समोरून, तोंड दिसेल असे, नेहमीच्या आवाजात आणि जरा सावकाश बोला, जोरात बोलू नका. पथकप्रमुखांना सराव सुरू होण्याआधीच, एकांतात, पाळी आणि जागा या दोनच गोष्टी मागा. त्या साध्या असल्याने सहसा नाकारल्या जात नाहीत.

वादनानंतरचे दोन दिवस

वादन संपल्यावर कानाला दडे बसले, शिट्टी वाढली, समोरचा पाण्याखालून बोलतो आहे असे वाटले, तर त्या दिवसाचा आवाज कानाला जास्त झाला असे समजा. हे बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. त्या दोन दिवसांत मळणी, डीजे, हेडफोन, बुलेटवरचा लांबचा प्रवास टाळा, मात्र घराच्या साध्या आवाजात राहा. दडे सुटले म्हणजे कान पूर्वीसारखा झाला असे नाही. तरतरी येते, पण झीज उरू शकते. त्या रात्रीची नोंद वहीत करा आणि पुढच्या वेळी वाजवण्याचा वेळ निम्मा करा.

काही लक्षणांत मात्र दोन दिवसही थांबू नये. एका कानाचे ऐकणे अचानक, काही तासांत किंवा सकाळी उठताच गेले असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने घटते. ‘मळ असेल’ म्हणून थेंब घालत बसण्यात हाच मोलाचा काळ जातो. मोठ्या आवाजाने चक्कर येणे, कानातून रक्त किंवा पू येणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, एकाच कानात नव्याने शिट्टी सुरू होणे, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येणे, यांतले काहीही असेल तर लगेच दाखवावे.

दर वर्षी दसऱ्यानंतर महिनाभराने, शक्य तर त्याच ठिकाणी, पुन्हा श्रवणचाचणी करावी. नवा आणि जुना श्रवणालेख शेजारी ठेवून ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झवरच्या खुणा पाहाव्यात. यांपैकी कुठलीही खूण १० डेसिबल किंवा त्याहून अधिक खाली गेली असेल तर आठवडाभर शांत राहून चाचणी पुन्हा करावी, आणि दुसऱ्यांदाही तेच आले तर पुढच्या वर्षी ताशा खाली ठेवून ध्वज घ्यावा किंवा नव्या मुलांना बोल शिकवण्याचे काम मागावे. माझी डाव्या कानाची ४००० हर्ट्झवरची खूण गेली तीन वर्षे जागची हललेली नाही. येत्या वर्षी मी दुसऱ्या गटात आहे, आणि ज्या दोन मुलांच्या घरी सोयाबीन आहे त्यांच्यासाठी फोमच्या प्लगचे एक जास्तीचे पाकीट माझ्या ताशाच्या पिशवीत असते.